अग्नीशेजारची कमान

मंदावहिनी दुकानात आल्या आणि थेट डोळे तपासायच्या खुर्चीत जाऊन बसल्या. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक कुणी नव्हतं. मी सवयीनं तक्त्यावरचा दिवा लावला आणि खालून दुसरी ओळ वाचायला सांगितली.

"ओळ राहू द्या, भावजी. माझे डोळे ठणठणीत आहेत. तुमच्याशी बोलायचं होतं आणि तुमच्या दुकानात बसायला दुसरी जागाच नाही." त्यांनी दाराकडं एकदा बघून घेतलं. "तुम्ही एकदा खोटं बोलाल का?"

"कुणाशी?"

"आमच्या ह्यांच्याशी."

मी दिवा बंद केला. वहिनींचे 'हे' म्हणजे रत्नाकरदादा कुलथे. साताऱ्यात त्यांची वडिलोपार्जित सराफी पेढी. माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे, तरी माझे सख्खे म्हणावेत असे दोस्त. साठी उलटल्यावर त्यांनी पेढीच्या किल्ल्या मुलाच्या हातात दिल्या आणि स्वतःला एक दुर्बीण घेतली. लोक त्या वयात काशीला जातात, दादा आकाशाचे फोटो काढायला लागले. ते वेड त्यांना मीच लावलं होतं, त्यामुळं वहिनींच्या घरात जे काही बिघडायचं त्यात निम्मा वाटा माझा असायचा.

फोटोही साधेसुधे नव्हेत. चंद्र, शनी, गुरू ह्यांच्याकडं आम्ही ढुंकून बघत नसू. आम्हाला हवे असायचे ते अगदी फिकट तेजोमेघ, म्हणजे आकाशातले वायूचे ढग. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, दुर्बिणीला डोळा लावूनही दिसत नाहीत. कॅमेरा तासन्‌तास त्यांच्याकडं टक लावून बसवायचा, फोटोमागून फोटो घ्यायचे, अशा कित्येक रात्रींचे फोटो पोळ्यांच्या चळतीसारखे संगणकात एकावर एक रचायचे, तेव्हा कुठं राखेसारखं काहीतरी वर येतं. एवढा खटाटोप करून ते घरच्यांना दाखवावं, तर घरचे विचारतात, हा डाग कसला पडलाय?

आमचा आठ-दहा जणांचा एक ग्रुप होता. त्यात माझं नाव 'नापास' असं पडलं होतं. कुणी फोटो टाकला आणि त्यात काहीतरी नवीन सापडल्याचा सुगावा लागला, की मी तो मोठा करून बघायचा आणि सांगायचं, हे भिंगावरचं दव आहे, हा धुळीचा कण आहे, हे शेजारच्या ताऱ्याचं रिफ्लेक्शन आहे. माझा स्वभावच तसा. चष्मेवाला माणूस, लोकांना जे दिसत नाही ते दिसत नाही असं सांगणं हा माझा धंदा. एकदा एक ओळखीचे गृहस्थ मुलाला घेऊन आले. पोराला रंग नीट ओळखता येत नव्हते आणि त्याला भरतीला जायचं होतं. ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे तेवढे त्याच्याकडून पाठ करून घे, म्हणाले. मी पुस्तक कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्या घरातलं अजून कुणी माझ्याशी बोलत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही, उलट थोडा गर्वच होता म्हणा ना.

अशा माणसाकडं वहिनी खोटं मागायला आल्या होत्या.

"आधी सांगा तरी काय झालंय," मी म्हटलं.

"तुम्हाला माहीत नाही असं काहीच झालेलं नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी साफ सांगितलंय, नळ्या तुंबल्यात, बायपास करा, लांबणीवर टाकू नका. हे म्हणतात, करू. कधी? तर कमानीचं काम झालं की."

ती कमान मला चांगलीच ठाऊक होती. वृषभ आणि सारथी ह्या तारकासमूहांच्या सीमेवर अग्नी नावाचा ठळक तारा आहे. त्याच्या बाजूला, फार पूर्वी फुटलेल्या एका ताऱ्याचे बारीक बारीक धागे पसरलेत. मंदावहिनी त्याला सरळ शेवया म्हणत. 'आज शेवयांना जायचंय का?' असं विचारत आणि डबा भरून देत. तर ह्या शेवयांचे फोटो घेता घेता दादांना एका कडेला, अग्नीच्या बाजूला, एक निळसर कमान दिसली होती. नखावर मावेल एवढी, अतिशय फिकट. कुठल्याच नकाशात ती नव्हती. खरी असती तर ती दादांनी शोधलेली ठरली असती. साताऱ्यातल्या एका सराफानं आकाशात नवी वस्तू शोधली! दादांचे डोळे ते बोलताना लहान मुलासारखे चमकत.

"पहिल्यांदा डॉक्टरांनी तारीख दिली," वहिनी सांगत होत्या, "तर हे म्हणाले, त्या दिवशी अमावास्या आहे. डॉक्टरांना वाटलं, जुन्या वळणाचे दिसतात, अमावास्येला ऑपरेशन नको असेल. त्यांनी पुढची तारीख दिली. त्यांना कुठं माहीत, आमच्याकडं अमावास्येची काळोखी रात्र फोटोंवाचून वाया जाऊ नये म्हणून ऑपरेशन नको असतं! पुढच्या तारखेला म्हणाले, आता हवा स्वच्छ झालीय. त्याच्या पुढच्या वेळी आणखी काही. परवा जिना चढताना मधेच बसले, भावजी. घामानं नुसते निथळत होते. मी विचारलं तर म्हणाले, पायरी मोजत होतो."

त्या रडल्या नाहीत. पदरानं तोंड तेवढं पुसलं.

"कमानीचा निकाल लावणं सोपं आहे, वहिनी. कॅमेरा एकदा फिरवायचा. खरी कमान असेल तर ती ताऱ्यांच्या संगतीनं राहील. कॅमेऱ्यातलंच काही असेल तर जागा सोडेल. मी दादांना कितीदा म्हटलंय. ते म्हणतात, कॅमेरा फिरवला तर जुन्या फोटोंशी नवे जुळत नाहीत, कडा वाया जातात."

"आता फिरवायला तयार झालेत. तुम्ही येणार असाल तर. मीच मागं लागले."

"मग प्रश्नच मिटला."

"कसा मिटेल? खोटी निघाली तर ती खोटी का निघाली हे शोधायला ह्यांना आणखी एक हिवाळा लागेल. मी ह्यांच्याबरोबर आयुष्य काढलंय. खरी निघाली तरच हे जागचे उठतील." त्या खुर्चीतून उठल्या. "काही दिसो, तुम्ही खरी आहे म्हणा. ऑपरेशन होऊन घरी आले की मग सांगा काय सांगायचं ते. शिव्या मी खाईन."

"वहिनी, मला हे जमायचं नाही."

"जमायचं नाही हे मला माहीत आहे. म्हणून तर तुमच्याकडं आले. दुसऱ्या कुणी खरी म्हटली तर ह्यांना पटेल का?"

मी काही कबूल केलं नाही. बघू, एवढंच म्हटलं. संध्याकाळी एका बाईंना दोन्ही डोळ्यांचे नंबर उलटे लिहून दिले, आणि त्या जिना उतरून खाली गेल्यावर माझ्या लक्षात आलं. धावत जाऊन कागद बदलून आणला.

ठोसेघरच्या पुढं, पठारावर दादांच्या एका नातेवाइकांचं शेतघर होतं. आमचा सगळा संसार तिथंच मांडलेला असायचा. त्या दिवशी आम्ही ऊन असतानाच पोचलो. फेब्रुवारीत अग्नी तारा अंधार पडता पडताच डोक्यावर आलेला असतो, त्यामुळं जागरणाची गरज नव्हती. वारा मात्र होता. लांबच्या पवनचक्क्यांवरचे लाल दिवे एकेक करून लागत होते.

वहिनीही आल्या होत्या. आजवर कधी आल्या नव्हत्या. "तुमच्या शेवया एकदा बघू तरी," असं दादांना सांगून त्या गाडीत येऊन बसल्या होत्या. आता ओट्यावर शाल गुंडाळून, मांडीवर थर्मास घेऊन बसल्या. आमच्या कामात पांढरा उजेड चालत नाही, म्हणून दादांनी त्यांच्या बॅटरीला लाल कागद बांधून दिला. त्या उजेडात वहिनी जपमाळ ओढल्यासारखा हातातला चाळिशीचा चष्मा पुसत होत्या.

"मंदे, चष्मा झिजेल," दादा म्हणाले.

"तुमच्या दोस्ताचं दुकान आहे. दुसरा घेईन."

दादांनी नेहमीप्रमाणे दुर्बीण स्वतः उचलायला घेतली. मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. एरवी त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी त्यांनी ती सोडून दिली. सगळी जोडाजोड मीच केली. दादा वेताच्या खुर्चीत बसून सूचना देत राहिले. तो स्क्रू आवळ, ती वायर सैल सोड, तिला ताण बसला की फोटो हलतो. सूचना सगळ्या बरोबर होत्या आणि सगळ्या मला पाठ होत्या.

आधी कॅमेरा जुन्याच कोनात ठेवून काही फोटो घेतले. प्राणवायूचा प्रकाश तेवढा आत सोडणारा फिल्टर लावलेला होता. फोटो एकावर एक रचले, संगणकात अंधूक उजेड ताणून ठळक केला, आणि कडेला ती कमान हळूच उमटली. कमान देखणी होती, हे मला मान्यच करायला हवं. एक बाजू जरा ठळक, दुसरी विरत गेलेली.

"आहे?" दादांनी विचारलं.

"आहे. आता कॅमेरा फिरवतो."

"तूच फिरव. माझा हात कापतोय आज."

असं म्हणून त्यांनी खुर्ची वळवून घेतली आणि माझ्याकडं पाठ करून, पवनचक्क्यांकडं तोंड करून बसले. मला तेव्हा नवल वाटलं. आमच्यातला कुणीही माणूस अशा वेळी लॅपटॉपवर अक्षरशः झडप घालतो. स्वतःच्या फोटोवर दुसऱ्याची नजर आधी पडलेली आम्हाला खपत नाही. पण ते दमलेत, वारा तोंडावर घेत असतील, असं मी मनाशी म्हटलं आणि कामाला लागलो.

स्क्रू सैल केला. कॅमेरा पाव वळसा फिरवला. स्क्रू आवळला, फोकस परत नीट केला, दुर्बीण पुन्हा त्याच जागी आणून उभी केली. पहिला फोटो सुरू झाला. कॅमेऱ्याचं झाकण उघडं असताना आम्हाला करण्यासारखं काही नसतं. वहिनींनी कपात चहा ओतून मला आणून दिला. कप माझ्या हातात दिल्यावरही त्यांनी तो लगेच सोडला नाही.

मी मनातल्या मनात कमानीला सांगत होतो, जागची हलू नकोस. कितीतरी लोकांचे फोटो मी नापास केले, त्यांचे चेहरे पडलेले बघितले. कुणाचा तरी फोटो पास व्हावा म्हणून असा जीव टांगणीला लागण्याची ही माझी पहिलीच वेळ होती. ती खरी निघाली असती तर सगळेच सुटलो असतो. दादांना त्यांची कमान मिळाली असती, वहिनींना दादा मिळाले असते आणि मला खोटं बोलावं लागलं नसतं.

फोटो आले. मी ते रचले. हात आखडले होते, तरी उजेड ताणायची पट्टी हळूहळू पुढं सरकवली.

शेवयांचे धागे होते तिथंच होते. कमान जुन्या जागी नव्हती. ती फोटोच्या दुसऱ्याच कोपऱ्यात जाऊन बसली होती, तशीच देखणी, तशीच एका बाजूला ठळक. चौकटीच्या जरा बाहेर असलेल्या अग्नीचा प्रकाश फिल्टरच्या कडेवर आपटून आत सांडत होता, इतकी साधी गोष्ट होती ती. आमच्या ग्रुपातल्या नवख्या पोरानंही ओळखली असती.

"काय रे शिरीष?" दादांनी मागं वळून न बघता विचारलं.

मी वहिनींकडं पाहिलं. त्यांनी बॅटरी विझवली होती. अंधारात मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता आणि ते बरंच झालं. मला दादांचं जिन्यात बसणं आठवलं, जे मी पाहिलेलं नव्हतं. घामानं निथळलेला, पायऱ्या मोजतोय असं बायकोला सांगणारा माणूस डोळ्यांसमोर आला. माझा दादांवर फार जीव होता. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नव्हतं, कारण आम्ही भेटलो की फिल्टरवर बोलायचो.

"खरी आहे, दादा," मी म्हटलं.

त्यांनी खुर्ची वळवली नाही.

"फिरली नाही?"

"जागची हलली नाही."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं. पास."

माझा आवाज मलाच ओळखू येईना. ते उठतील, लॅपटॉप ओढून घेतील, फोटो बघतील आणि मी तोंडघशी पडेन, म्हणून मी घाईघाईनं ते फोटो मिटवून टाकले. आता त्यांनी मागितले असते तर काय दाखवलं असतं, देव जाणे. पण त्यांनी मागितले नाहीत. आनंदानं ओरडलेही नाहीत. खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन उठले आणि म्हणाले, "बरं. आवरा आता. गारठलोय मी."

"दादा, एक अट आहे," मी म्हटलं. खोटं बोलणं हे एकदाच करून भागत नाही, त्याच्यामागून सांडलवंड पुसत जावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. "तुम्ही ऑपरेशन होऊन घरी येईपर्यंत हे ग्रुपवर टाकायचं नाही. कुणाला सांगायचंही नाही. आणखी पक्कं करू आणि मग जाहीर करू."

"नाही सांगत," दादा म्हणाले. इतक्या लगेच कबूल होतील असं मला वाटलं नव्हतं.

मी सामान गाडीत भरत होतो तेव्हा ते पुढच्या सीटवर जाऊन बसले होते. काच खाली होती. त्यांचा आवाज मला ऐकू आला. "मंदे, त्या पुण्याच्या डॉक्टरला सकाळी फोन कर. म्हणावं, जी तारीख देशील ती."

वहिनी मागच्या सीटवर होत्या. त्यांना हुंदका फुटला तो थेट सातारा येईपर्यंत थांबला नाही. दादा मधूनमधून म्हणत होते, "अगं, आता रडायला काय झालं? जातोय ना मी?"

ऑपरेशनच्या दिवशी मी दुकान बंद ठेवून पुण्याला गेलो. दादांचा मुलगा, वहिनी आणि मी, तिघं ओळीनं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. आत नेण्याआधी दादांनी माझा हात धरला होता. काहीतरी म्हणायचं होतं त्यांना, पण तेवढ्यात वॉर्डबॉयनं गाडी ढकलली. ते डोळे मिचकावून हसले एवढंच.

ती सकाळ मला कायमची लक्षात राहिली. मला भीती वाटत होती, आणि भीतीइतकीच लाज वाटत होती. दादा आतून बाहेर आलेच नाहीत तर? तर आम्ही दोघांनी इतकी वर्षं ज्या एका गोष्टीवर मैत्री केली, की दिसतं ते दिसतं आणि नसतं ते नसतं, तिच्या शेवटी मी त्यांना एक थाप देऊन पाठवलेलं असणार होतं. वहिनींना तसं काही वाटत नसावं. त्या शांत बसल्या होत्या. मधेच मला म्हणाल्या, "भावजी, तुम्ही काही खाल्लंय का सकाळपासून?" मी नाही म्हटलं. त्यांनी पिशवीतून धपाटे काढून दिले. अशा वेळी धपाटे भाजून आणायचं ह्या बाईला सुचलं कसं, ह्याचं मला अजूनही नवल वाटतं.

दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आले, सगळं नीट झालं म्हणाले. दादांच्या मुलानं मला मिठी मारली. मी धपाट्याचा कागद हातात चुरगळत उभा होतो, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

दादा घरी आल्यावर लगेच काही मी खरं सांगितलं नाही. आधी म्हटलं, टाके भरू देत. मग म्हटलं, पहिली तपासणी होऊ दे. मग म्हटलं, जरा चालायला लागू देत. सांगायचा दिवस मी पुढं पुढं ढकलत होतो आणि दर वेळी माझ्याकडं चांगलं कारण असायचं. आठवड्यातून दोनदा दुकान बंद करून त्यांच्याकडं जायचो, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचो, आकाशाचा विषय निघाला की चहा मागायचो. वहिनी माझ्याकडं बघून हसायच्या. त्यांचं काम झालं होतं. शिव्या खाईन म्हणाल्या होत्या ते त्या सोयीस्कर विसरल्या होत्या.

मग एका संध्याकाळी दादाच म्हणाले, "बस जरा. चहा मागू नकोस."

वहिनी आत कुकर लावत होत्या. दादा आरामखुर्चीत बसले होते, छातीशी एक छोटी उशी धरून. बायपास झालेल्या माणसाला खोकला किंवा हसू आलं की छाती दुखते, म्हणून दवाखान्यातून अशी उशी जवळ ठेवायला सांगतात.

"कमान फिरली होती ना?" त्यांनी विचारलं.

"वहिनींनी सांगितलं?"

"तिला काय कळतंय त्यातलं? मी दिवाळीतच कॅमेरा फिरवून बघितला होता. अमावास्येला, एकटा गेलो होतो तेव्हा. सरळ सरळ रिफ्लेक्शन होतं. परत येताना गाडीत एकटाच हसलो. म्हटलं, शिरीषला कळलं तर ग्रुपवर नापासचा ढोल वाजवील."

"दिवाळीत?" मी म्हटलं. "मग त्यानंतर सगळा हिवाळा तुम्ही ते कमानीचं काम, कमानीचं काम म्हणून जे..."

"भीती वाटत होती रे," दादा म्हणाले.

त्यांनी ते अगदी सहज म्हटलं. आयुष्यभर पेढीवर बसून लोकांशी सावध बोललेला माणूस. असं काही त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

"छाती कापणार, काळीज थांबवणार, मशीन लावणार, असं तो डॉक्टर हसत हसत सांगत होता. मी घरी येऊन उलटी केली. मला भीती वाटते असं मंदाला सांगितलं असतं तर ती खचली असती. मग कमान बरी सापडली. तिच्यासाठी म्हणून थांबलो, असं म्हटलं की लोकही गप्प बसतात. उलट कौतुक करतात."

"आणि मला का नेलंत मग पठारावर?"

"मंदानं पिच्छा पुरवला. मी म्हटलं, चला. तू नापास करशील, ह्यात मला काडीची शंका नव्हती. मी उत्तर तयार ठेवलं होतं. म्हणणार होतो, एका रात्रीवर कसा भरवसा ठेवायचा, फिल्टर बदलून बघू, पुढच्या अमावास्येला परत करू." ते थांबले. उशी जरा नीट धरली. "आणि तू म्हणालास, खरी आहे."

मी खाली मान घातली.

"अंगावर काटा आला माझ्या. बरं झालं, तुझ्याकडं पाठ करून बसलो होतो. शिरीष, डॉक्टरनं सांगितलं होतं, मुलानं सांगितलं होतं, मंदा रोज सांगत होती. मला वाटायचं, सगळे उगाच घाबरवतात. पण तू? तू माझ्या सुनेला तिच्या बाळंतपणात सांगितलं होतंस, पोराचे डोळे तुझ्यासारखे नाहीत, आजीसारखे बारीक आहेत. कुणाला गोड वाटावं म्हणून अर्धा शब्द बोलला नाहीस कधी. तो तू माझ्या पाठीमागं उभा राहून, आवाज कापत असताना, माझ्यासाठी खोटं बोललास. तेव्हा मला कळलं की मी खरंच मरायला टेकलोय."

कुकरची शिट्टी झाली. आतून वहिनी काहीतरी गुणगुणत होत्या. मला दादांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटत होतं आणि त्यांना चार शिव्याही द्याव्याशा वाटत होत्या. दोन्ही केलं नाही.

"आता सांग," दादा म्हणाले.

"काय सांगू?"

"कमानीचा निकाल. मला तो रीतसर मिळालेलाच नाही. नीट सांग, तू नेहमी सांगतोस तसा."

मी डोळे पुसले. त्यांच्याकडं बघितलं. चेहऱ्यावर पुन्हा तजेला आला होता, डोळ्यांखालचं काळं पुसट झालं होतं.

"रिफ्लेक्शन आहे, दादा," मी म्हटलं. "आणि तेही अगदी सामान्य दर्जाचं. अग्नीसारखा दांडगा तारा चौकटीच्या काठावर ठेवून फोटो काढायचा म्हणजे दुसरं काय होणार? इतकी वर्षं हे काम करूनही तुम्हाला चौकट लावता येत नाही. शोध म्हणे! नापास. साफ नापास."

दादांनी उशी छातीशी घट्ट दाबली आणि त्यांना हसू आवरेना.

"मंदे," त्यांनी आत हाक मारली, "ऐकलंस का? मी बरा झालो."